टीव्हीचा रिचार्ज : आधी वाचू, मग भरू



घरखर्चाची वही लिहायला आपण गटात शिकतो. किराणा, दवाखाना, शाळेची फी, लाईटबिल, लग्नकार्यातला आहेर, सगळं त्या वहीत येतं. पण मी आजवर जेवढ्या वह्या बघितल्या, त्यांत एक खर्च फार कमी वेळा लिहिलेला दिसला. तो म्हणजे टीव्हीचा. मुलगा नाहीतर दीर मोबाईलवरून रिचार्ज मारतो, किंवा केबलवाला दारात आला की डब्यातले पैसे काढून दिले जातात. वहीत नोंद नाही, हातात पावती नाही. कशाचे पैसे दिले असं विचारलं तर उत्तर एकच, "टीव्हीचे."

या वेळचा आपला पाठ याच खर्चाचा आहे. सुरुवात मात्र माझ्या चुकीपासून करते, कारण हा पाठ मी त्या चुकीतूनच शिकले.

माझं काय चुकलं

मी या कामाला लागले तेव्हा माझं एमएसडब्ल्यू नुकतंच झालं होतं. माझ्याकडच्या एका गावात अकरा जणींचा गट आहे. बचत महिन्याला २०० रुपये. त्यातल्या एका ताईंची दोन महिन्यांची बचत थकली, कर्जाचा एक हप्ताही राहिला. मी भेटायला घरी गेले तर ताई खुरपणीला गेलेल्या आणि घरात टीव्ही मोठ्या आवाजात चालू. मी तशीच परत आले. पुढच्या बैठकीत सगळ्यांच्या देखत बोलून गेले, "ताई, टीव्हीच्या रिचार्जला पैसे असतात, मग बचतीलाच कसे नसतात?"

त्या काही बोलल्या नाहीत. खाली बघत बसल्या. पुढच्या दोन बैठकांना त्या आल्याच नाहीत.

मग गटाच्या सचिव मावशींनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "मॅडम, तिच्या सासूच्या अंगावरून वारं गेलंय. दीड वर्ष झालं, म्हातारी अंथरुणात आहे. ही कामाला गेली की म्हातारीला सोबत त्या टीव्हीचीच. सकाळी कीर्तन, दुपारी मालिका. टीव्ही बंद पडला की ती हाका मारत बसते. रोजगार बुडवून हिला घरी थांबावं लागतं."

मला खूप लाज वाटली. मी टीव्ही बघितला होता, पण टीव्हीसमोरच्या खाटेवर कोण आहे ते बघितलं नव्हतं.

मी परत त्यांच्या घरी गेले, माफी मागितली. ताईंनी चहा केला. मग म्हणाल्या, "मॅडम, टीव्ही काही मी बंद करणार नाही. पण महिन्याला हे ४४६ रुपये कशाचे जातात ते मलापण कळत नाही. तेवढं बघून द्या."

दोघींनी मिळून बघितलं. कंपनीचं ॲप उघडलं तर त्यात खेळाच्या चॅनलचा एक पॅक होता आणि इंग्रजी सिनेमांचा एक. खेळाचा पॅक धाकट्या दिरांनी आयपीएलच्या वेळी टाकलेला. दीर आता पुण्याला कामाला आहेत. इंग्रजी सिनेमांचा पॅक कोणी टाकला ते कोणालाच माहीत नव्हतं. सासूबाई बघतात ते चॅनल आम्ही वहीत लिहून काढले, तर सगळे मिळून पाच भरले. कंपनीला फोन करून दोन्ही पॅक काढायला सांगितले. पुढच्या महिन्यात ४४६ चे २६० झाले. सासूबाईंचं एकही चॅनल गेलं नाही आणि १८६ रुपये वाचले. गटाची बचत २०० ची. म्हणजे थकलेल्या बचतीचे पैसे जवळजवळ त्याच घरात होते, फक्त ते जात कुठे होते हे कोणाला दिसत नव्हतं.

तेव्हा ताईंनो, टीव्ही बघणं ही उधळपट्टी नव्हे. बिल न वाचता भरत राहणं ही उधळपट्टी आहे.

नंतर त्या गटात आम्ही सगळ्यांचा हिशोब फळ्यावर मांडला. अकरापैकी आठ घरांत टीव्ही चालू होता. आठ घरांचे मिळून महिन्याला २,८६० रुपये. गटाची सगळी बचत महिन्याला २,२०० रुपये. गटात जमतं त्याहून जास्त पैसे टीव्हीला जातात हे आकडे बघून सगळ्याजणी एकमेकींकडे बघायला लागल्या. एक काकू म्हणाल्या, "अगं बाई, मग बँक तर टीव्हीवाल्याचीच चालली की!"

आपण नेमके कशाचे पैसे देतो?

केबलची वायर असो की कंपनीची छत्री (म्हणजे डीटीएच), बिलाचे तीन भाग असतात.

पहिला भाग जोडणीचा. त्याला नेटवर्क कपॅसिटी फी म्हणतात. बिलावर किंवा ॲपमध्ये 'एनसीएफ' अशी तीन अक्षरं दिसतात ती हीच. या पैशात फुकट चॅनल बघायला मिळतात. २०१९ मध्ये नवी पद्धत आली तेव्हा ट्रायने, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, या फीवर महिन्याला १३० रुपयांची मर्यादा घातली होती. २०२४ मध्ये ती मर्यादा काढली. आता कंपन्या आपापली फी ठरवतात. त्यामुळे शेजारणीला पडते तेवढीच फी आपल्याला पडेल असं नाही. विचारून घ्यायची.

दुसरा भाग पैशाच्या चॅनलचा. अशा प्रत्येक चॅनलची किंमत कंपनीला जाहीर करावी लागते. हे चॅनल एकेक करून घेता येतात किंवा गठ्ठ्याने घेता येतात. गठ्ठा म्हणजे पॅक. किराणा दुकानात साखर मागितली आणि दुकानदार म्हणाला, "साखरेबरोबर रवा, मैदा, शेवया घ्याव्याच लागतील," तर आपण घेऊ का? चॅनलचंही तसंच आहे. एकेक चॅनल निवडायचा हक्क ग्राहकाला आहे. पॅक घ्यायलाच पाहिजे अशी सक्ती करता येत नाही. मात्र कधी कधी सात-आठ चॅनल सुटे घेण्यापेक्षा पॅक स्वस्त पडतो. म्हणून दोन्ही किमती विचारायच्या आणि मग ठरवायचं.

तिसरा भाग जीएसटी. तो १८ टक्के. पॅक ३०० रुपयांचा असेल तर ५४ रुपये कराचे, म्हणजे हातातून जातात ३५४.

आणखी एक. घरात दुसरा टीव्ही आणि दुसरा बॉक्स असेल तर त्याचे वेगळे पैसे लागतात. आतल्या खोलीतला टीव्ही सहा महिने बंद आहे आणि त्याचा रिचार्ज मात्र चालू आहे, अशी घरं मी बघितली आहेत.

आता खर्च कमी करायचे चार सरळ, कायदेशीर रस्ते बघू. चारही प्रत्येकीला लागू पडतील असं नाही. आपल्या घराला कोणता बसतो ते बघायचं.

रस्ता पहिला : आहे तोच पॅक छाटायचा

यात नवीन काही विकत घ्यावं लागत नाही.

१. आठवडाभर एक कागद टीव्हीजवळ चिकटवा. घरातल्या प्रत्येकाने जे चॅनल बघितलं त्याचं नाव लिहायचं. लिहिता येत नसेल त्यांचं नातवंडांनी लिहायचं. आठ दिवसांत कळतं की एवढ्या शंभर-दोनशे चॅनलमधले आपण खरोखर किती बघतो.

२. त्यातले फुकट कोणते आणि पैशाचे कोणते ते वेगळे करा. कंपनीच्या ॲपमध्ये चॅनलसमोर किंमत असते. ॲप जमत नसेल तर रिचार्जच्या मेसेजमध्ये दिलेल्या ग्राहक सेवा नंबरवर फोन करा. केबल असेल तर केबलवाल्या दादांना विचारा.

३. एवढंच बोला: "माझ्या जोडणीवर सध्या कोणते पॅक चालू आहेत, प्रत्येकाची किंमत किती, ते सांगा. मला हे-हे चॅनल ठेवायचे आहेत. यासाठी सगळ्यात कमी किती पडेल?"

४. बदल केला की पुढच्या महिन्याची रक्कम तपासा. काढलेला पॅक खरंच निघाला का ते बघा.

५. केबलचे पैसे रोख देत असाल तर पावती घ्या. पावती मागणं म्हणजे भांडण नव्हे. आपण गटात दहा रुपयांचीसुद्धा नोंद करतो, मग इथं का नको?

वारंवार सांगूनही पॅक काढत नसतील, बिल देत नसतील, तर आधी कंपनीकडे तक्रार करून तक्रारीचा नंबर लिहून घ्या. तरी काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. तिथे मराठीतही बोलता येतं.

रस्ता दुसरा : डीडी फ्री डिश

ही प्रसारभारतीची, म्हणजे दूरदर्शनची छत्री. २००४ च्या डिसेंबरमध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. आज देशात चार कोटींहून जास्त घरांत ती असल्याचा अंदाज आहे. एकदा छत्री, बॉक्स आणि वायर घेतली की पुढे महिन्याचा रिचार्ज नाही. छत्री, बॉक्स आणि बसवणावळ धरून साधारण दोन हजार रुपये लागतात. थोडं इकडेतिकडे होतं, म्हणून दोन दुकानांत भाव विचारा.

काय दिसतं? दूरदर्शनचे सगळे चॅनल. त्यात आपलं डीडी सह्याद्री, बातम्या, शेतकऱ्यांसाठी डीडी किसान. पहिली ते बारावीच्या अभ्यासाचे पीएम ई-विद्याचे चॅनल. आकाशवाणीची रेडिओ केंद्रंही त्याच बॉक्सवर ऐकू येतात. शिवाय काही खाजगी चॅनल: हिंदी मालिका, सिनेमे, गाणी, बातम्या आणि काही मराठी. क्रिकेटचं विचाराल तर २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावंच लागतं, आणि असे सामने फ्री डिशवर दिसतात. प्रत्येक सामना आणि सगळी आयपीएल मात्र दिसेल असं नाही. घरातल्या पुरुषमंडळींना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर नंतर ऐकून घ्यावं लागेल.

काय दिसत नाही हेही स्पष्ट सांगते. स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी हे पैशाचे चॅनल आहेत. रात्रीची आपली नेहमीची मालिका फ्री डिशवर मिळेल असं धरून चालू नका. खाजगी चॅनलना या छत्रीवर यायला लिलावात जागा घ्यावी लागते, त्यामुळे आज दिसणारं चॅनल पुढच्या वर्षी असेलच असं नाही. म्हणून विकत घेण्याआधी एक काम करा. गावात ज्यांच्याकडे फ्री डिश आहे त्यांच्या घरी तासभर बसा, रिमोट हातात घ्या आणि सगळे चॅनल फिरवून बघा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही बरोबर न्या. त्यांना चाललं तरच घ्या.

घेताना आणि बसवताना एवढं लक्षात ठेवा:

* बॉक्स 'एमपीईजी-४' आहे का ते विचारा. जुन्या 'एमपीईजी-२' बॉक्सवर काही चॅनल दिसत नाहीत. नव्यावर दोन्ही प्रकारचे दिसतात.
* घरी आधीच्या कंपनीची छत्री पडून असेल तर ती वापरता येते का हे मेकॅनिकला विचारा. जमलं तर तेवढेच पैसे वाचतात.
* फ्री डिशचा उपग्रह, जीसॅट-१५, महाराष्ट्रातून बघितलं तर आग्नेय दिशेला, आभाळात बराच वर आहे. म्हणून छत्रीचं तोंड पूर्व आणि दक्षिणेच्या मधे येतं. त्या बाजूला उंच झाड किंवा भिंत आडवी येत असेल तर जागा बदला.
* छत्री पक्की बसवा. वाऱ्याने दोन बोटं हलली तरी चित्र जातं. मुसळधार पावसात थोडा वेळ चित्र अडकतं, पाऊस कमी झाला की येतं. तेवढ्यासाठी मेकॅनिकला बोलावून पैसे घालवू नका.
* एखादं चॅनल अचानक गेलं तर आधी बॉक्सच्या मेनूत जाऊन चॅनल पुन्हा शोधा. त्याला ऑटो स्कॅन म्हणतात. नातवंडांना येतं ते.
* दुकानाचं पक्कं बिल आणि वॉरंटी घ्या. आपल्याच एका काकूंनी आठवडी बाजारातून १,९०० ला बॉक्स आणि छत्री घेतली, बिल घेतलं नाही. दुसऱ्या महिन्यात बॉक्स बंद पडला आणि विकणारा माणूस परत बाजारात दिसलाच नाही.
* फ्री डिशला महिन्याचे पैसे लागत नाहीत. "तुमची फ्री डिश बंद होणार आहे, रिचार्ज करा" असा फोन किंवा मेसेज आला तर तो फसवणुकीचा समजा.

रस्ता तिसरा : मोबाईलवर बघायचं

बऱ्याच घरांत नेटपॅक आधीच चालू असतो. प्रसारभारतीचं 'वेव्हज' नावाचं ॲप २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलं. त्यावर दूरदर्शनचे चॅनल आणि जुन्या मालिका बघता येतात. झी मराठीच्या मालिका 'झी५' वर असतात, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या 'जिओहॉटस्टार' वर. त्यातलं काय फुकट आणि काय पैशाचं हे ॲपमध्ये बघून घ्या. काही मोबाईल रिचार्जमध्येच अशा ॲपची वर्गणी धरलेली असते. तुमच्या रिचार्जमध्ये आहे का ते विचारा, नाहीतर एकाच गोष्टीचे दोनदा पैसे जातात.

पण इथं दोन गोष्टी तपासायच्या.

एक, नेट किती जळतं. साधारण दर्जाच्या चित्राला तासाला अर्धा ते पाऊण जीबी नेट लागतं. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर दोन-तीन तासांत संपला. मग मुलीच्या अभ्यासाला नेट उरत नाही, आणि आपण जास्तीचा डेटा मारतो. टीव्हीचे पैसे वाचवायला गेलो आणि मोबाईलला घातले, असं होऊ नये. व्हिडिओच्या सेटिंगमध्ये चित्राचा दर्जा कमी ठेवला तर नेट कमी जातं.

दोन, मोबाईल कोणाच्या हातात असतो? घरात एकच मोठा फोन असेल आणि तो मालकांबरोबर कामावर जात असेल, तर दिवसभर घरात असणाऱ्या बाईला आणि म्हाताऱ्या माणसांना काय उरलं? टीव्ही सगळ्यांचा असतो. मोबाईल एकाचा होतो. म्हणून पूर्ण घराचा टीव्ही बंद करून फक्त मोबाईलवर जायचं असेल तर आधी सगळ्यांना विचारा.

रस्ता चौथा : नको तेव्हा बंद ठेवायचा

आपल्या भागातून कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात, चार-पाच महिने घराला कुलूप असतं. परीक्षेच्या वेळी काही घरांत टीव्ही बंद ठेवतात. कंपनीची छत्री असेल तर त्या महिन्यांचा रिचार्ज मारायचाच नाही. वर्षाचा पॅक स्वस्त पडतो असं सांगतात, पण वर्षातले सात महिनेच घरी असाल तर तो स्वस्त कसा? केबल असेल तर जायच्या पंधरा-वीस दिवस आधी केबलवाल्याला लेखी सांगा की अमुक तारखेपासून जोडणी तात्पुरती बंद करा. अशी मागणी करायची सोय नियमांत आहे. परत चालू करताना काही फी लागेल का ते आधीच विचारा.

जोडणी कायमची सोडणार असाल आणि बॉक्ससाठी अनामत भरलेली असेल, तर पावती शोधा आणि पैसे परत मागा. पावती का जपायची ते इथं कळतं.

हा रस्ता मात्र नको

खर्च कमी करायचा म्हटलं की गावात दोन-तीन सल्ले हमखास मिळतात. शेजारच्या वायरला वायर जोड. एका ॲपची फाईल पाठवतो, ती टाक, सगळे चॅनल फुकट. वर्षाला पाचशे दे, देशातले सगळे चॅनल आणि नवे सिनेमे देतो.

हे सगळं बेकायदेशीर आहे. दुसऱ्याचा माल विनापरवाना दाखवणं आणि विकणं ही चोरीच. पण आपल्यासाठी याहून मोठा धोका दुसरा आहे. अशा अनोळखी फाईलमधून फोनमध्ये काय शिरतं ते आपल्याला दिसत नाही. त्याच फोनवर आपल्या बँकेचे मेसेज येतात, ओटीपी येतो. गटाच्या अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष ताईंच्या फोनवर तर गटाच्या खात्याचे मेसेज येतात. दोनशे रुपयांच्या मालिकेपायी अकरा जणींची बचत धोक्यात घालायची का? ॲप फक्त फोनच्या प्ले स्टोअरमधूनच घ्या. आणि चुकून पैसे गेलेच तर वाट न बघता लगेच १९३० या नंबरवर फोन करा. तो सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे.

हिशोब करून बघू

समजा एका घरात महिन्याला ३५० रुपये टीव्हीला जातात. वर्षाचे झाले ४,२००.

पॅक छाटून २५० वर आणला, तर वर्षाचे ३,०००. वाचले १,२००.

चार महिने घर बंद असतं म्हणून तेवढे महिने रिचार्ज मारला नाही, तर ३५० गुणिले ८, म्हणजे २,८००. वाचले १,४००.

फ्री डिश घेतली तर पहिल्या वर्षी छत्रीचे २,०००. वाचले २,२००. दुसऱ्या वर्षापासून, बॉक्स नीट चालला तर, पूर्ण ४,२०० वाचले.

फ्री डिश कर्ज काढून घेऊ नका. थोडे थोडे पैसे बाजूला टाकून दोन हजार जमवा. तोपर्यंत पॅक छाटलेला ठेवा.

आणि वाचलेले पैसे कुठे ठेवायचे हे त्याच दिवशी ठरवा. हे मी मुद्दाम सांगते. वाचलेला पैसा घरात मोकळा राहिला की त्याला लगेच पाय फुटतात. बचत वाढवायची, हप्ता फेडायचा की मुलीच्या पासचे पैसे काढायचे, ते वहीत लिहून टाका.

घरात कसं ठरवायचं

टीव्ही हा घरातला नाजूक विषय आहे. मालकांना बातम्या आणि क्रिकेट, सासूबाईंना मालिका, मुलांना कार्टून. आणि बाईला? बऱ्याच जणींनी मला सांगितलं, "मी कुठं बघते मॅडम, मी तर स्वयंपाकघरातून नुसती ऐकते." एका घरात खर्च कमी करायचा म्हणून सगळ्यात आधी सुनेच्या मालिकेचं चॅनल काढलं, आणि खेळाचा पॅक तसाच राहिला. असं होत असेल तर ती काटकसर नाही झाली. कमी करायचं तर सगळ्यांचं थोडं थोडं कमी व्हावं. दिवसभर राबून अर्धा तास मालिका बघणं हा बाईचाही हक्क आहे.

म्हणून रात्रीच्या जेवणानंतर, सगळे असताना, तो चिकटवलेला कागद काढा. त्यावर जे लिहिलं आहे तेच बोलेल. "तुम्ही बघता" आणि "मी बघते" असा वाद करायची गरज पडत नाही. प्रत्येकाचं एक चॅनल नक्की ठेवायचं, बाकीचं ठरवून काढायचं. पहिल्या महिन्यात कुरकुर होते. नको असेल तर पुढच्या महिन्यात पॅक परत घेता येतो, हेही सांगा.

पुढच्या बैठकीत करायचा अभ्यास

१. प्रत्येकीने टीव्हीच्या शेवटच्या रिचार्जचा मेसेज किंवा केबलची पावती आणायची. पावती नसेल तर आठवून रक्कम सांगायची.

२. सचिव ताईंनी फळ्यावर घरटी आकडा लिहायचा आणि बेरीज करायची. शेजारी गटाची महिन्याची बचत लिहायची.

३. जिच्या मोबाईलवर कंपनीचं ॲप चालतं तिने बाकीच्यांना चालू असलेले पॅक बघायला शिकवायचं.

४. ज्यांच्याकडे फ्री डिश आहे त्यांनी पाच मिनिटं बोलायचं: काय आवडलं, कशाचा त्रास झाला.

५. प्रत्येकीने एक रस्ता निवडायचा. "आमचं आहे तेच बरं आहे," हेही उत्तर चालेल. पण ते बिल वाचून दिलेलं असावं.

आणि एक विनंती. कोणाची बचत थकली असेल तर तिच्या घरच्या टीव्हीकडे बोट दाखवू नका. ते काम मी एकदा करून बघितलं आहे.

त्या ताईंची थकबाकी फिटायला पुढे चार महिने लागले. १८६ रुपयांनी सगळं भागलं नाही, वरचे पैसे त्यांनी कापूस वेचणीतून भरले. पण आता त्यांच्या वहीत 'टीव्ही' अशी वेगळी ओळ आहे, आणि रिचार्ज त्या स्वतः मारतात. मागच्या महिन्यात मी घरी गेले तर सासूबाईंची मालिका चालू होती. त्यांनी खाटेवरूनच मला हाताने खूण केली, बस म्हणाल्या. जाहिरात लागेपर्यंत मला काही बोलू दिलं नाही.

पुढच्या बैठकीत भेटू. येताना रिचार्जचा मेसेज तेवढा विसरू नका.

तुमची,
क्षेत्र समन्वयक